पाणी महाल, तरंगती वीट आणि शाळेचे वेळापत्रक

बोरी नदीच्या पात्रात इ. स. १६१३ मध्ये विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाने एक बंधारा पुरा करून घेतला. नळदुर्गचा मुख्य किल्ला एका तीरावर, रणमंडळ हा उपकिल्ला दुसऱ्या तीरावर आणि दोहोंना जोडणारी ही दगडी भिंत मध्ये. तिने पाणी अडवायचे, किल्ल्याची तहान भागवायची, शत्रूला नदीकडून थोपवायचे आणि वरून ये-जा करू द्यायची. एवढे साधले असते तरी बांधणाऱ्यांचे नाव राहिले असते. पण ते तेवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी भिंतीच्या पोटात जिने उतरवले आणि खाली, नदीच्या उताराकडे तोंड करून, एक महाल कोरल्यासारखा बसवला. पावसाळ्यात वरचे बोरी धरण भरून वाहू लागले की भिंतीच्या माथ्यावरच्या दोन सांडव्यांतून पाणी खाली झेपावते. लोक त्यांना नर आणि मादी म्हणतात. त्या वेळी महालाच्या गवाक्षात उभे राहिले तर समोर पाण्याचा पडदा असतो, कानांवर त्याचा घोष असतो आणि अंग मात्र कोरडे राहते.

हा चमत्कार कसा घडला, हे नीट पाहण्यासारखे आहे. अडलेले पाणी भिंतीला ढकलत असते आणि जितके खोल जावे तितका त्याचा रेटा वाढतो. त्या रेट्यापुढे भिंत टिकते ती स्वतःच्या वजनावर. म्हणजे तिच्या पोटात पोकळी ठेवायची तर किती ठेवायची आणि कुठे ठेवायची, याचा अंदाज अचूक हवा. सांडव्यावरून पडणारे पाणी भिंतीला चिकटून ओघळले असते तर महाल ओला झाला असता, म्हणून ते भिंतीपासून सुटून पडेल अशी कड हवी. दगडांचे सांधे चुन्याने असे भरायला हवेत की चारशे पावसाळ्यांनी ते उकलू नयेत. आणि या साऱ्याच्या आधी कोणाच्या तरी मनात यायला हवे की पाण्याच्या मागे बसून पाणी पाहणे ही सुंदर गोष्ट आहे आणि तिच्यासाठी एवढा खटाटोप करावा. पाणी महालाचा स्थपती म्हणून मीर महंमद इमादीन याचे नाव सांगितले जाते. त्याने वजनाचा विचार कुठे संपवला आणि सौंदर्याचा कुठे सुरू केला, हे त्या भिंतीत शोधून सापडणार नाही.

त्याचा धनीही तसाच होता. दुसरा इब्राहिम १५८० ते १६२७ अशी जवळजवळ अर्धे शतक गादीवर होता. ‘किताब-ए-नौरस’ हा त्याचा ग्रंथ दखनीतल्या गीतांचा आहे, रागांमध्ये बांधलेला आणि सरस्वतीचे स्तवन करणारा. त्याच्या तंबोऱ्याचे नाव मोतीखान होते. विजापूरजवळ त्याने वसवायला घेतलेल्या नगरीचे नाव नौरसपूर. दरबारात आलेल्या असद बेग या मुघल वकिलाने त्याच्या मराठी बोलण्याची नोंद केली आहे. संगीतात बुडालेल्या या सुलतानाच्या काळात नळदुर्गचा बंधारा झाला, हा योगायोग म्हणून सोडून देण्याजोगा नाही. नाद आणि नवरस यांवर ज्या दरबारात चर्चा होत असे, तिथे धरणाकडूनही नुसत्या पाणीसाठ्यापेक्षा अधिक काही मागितले गेले.

धाराशिव जिल्ह्यातल्या शाळांच्या सहली नळदुर्गला येतात. इतिहासाचे गुरुजी सनावळी सांगतात, मुले उपळ्या बुरुजावर चढतात, फोटो काढतात, डबे खातात. द्रवाचा दाब विज्ञानाच्या पुस्तकात असतो आणि त्याच्यासाठी परीक्षानळी व पिचकारी यांची चित्रे असतात. चित्रकलेचा तास आठवड्यातून एखादा, बहुधा दुपारचा. तिन्ही विषय ज्या एका भिंतीत एकत्र नांदतात, ती भिंत मुलांसमोर उभी असते आणि तिथे हे विषय एकमेकांना भेटत नाहीत. कला आणि विज्ञान यांची सांगड घालून शिकवावे, त्यातून मुलांना आजच्या काळाची कौशल्ये मिळतात, असे आता सरकारी धोरणे सांगतात. अमेरिकेत अलीकडे विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी आणि गणित या चौकडीत कलेचा समावेश करून ‘स्टीम’ असे नाव रूढ झाले आहे. नाव नवे असेल. धाराशिवच्या मातीत ही सांगड फार जुनी आहे आणि ती कशी होती, कशी तुटली, याचा इतिहास शिक्षकांच्या हाती असायला हवा.

त्या इतिहासाचे सर्वात जुने पान तेरला आहे.

तेरणा नदीकाठचे तेर म्हणजे प्राचीन तगर. पहिल्या शतकात एका ग्रीक भाषक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’मध्ये पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचे मोठे शहर म्हणून तगरचा उल्लेख येतो. तिथून तलम आणि साधे कापड गाड्यांवर लादून भडोचच्या बंदराकडे जाई. पुढे शहर ओसरले, गाव उरले आणि पांढरीची टेकाडे उरली. पाऊस पडून गेला की शेतात मणी, नाणी, मातीच्या मूर्ती वर येत. गावातल्याच रामलिंगप्पा लामतुरे यांनी अशा वस्तू जपून ठेवण्याचा ध्यास घेतला. त्यांच्या संग्रहातून आज तेरचे सरकारी वस्तुसंग्रहालय उभे आहे. पुरातत्त्वाची पदवी नसलेल्या माणसाने नुसत्या डोळसपणाने हे केले. बार्शीच्या बा. ना. चापेकरांनी इथे उत्खनन केले, त्याचीही पाळेमुळे अशाच स्थानिक जिज्ञासेत आहेत.

संग्रहालयातल्या पांढऱ्या मातीच्या छोट्या मूर्तींकडे पाहावे. स्त्रियांच्या केशरचना, कानांतली भूषणे, ओठांच्या कडेचे हसू हे सगळे बोटभर उंचीत. या मूर्ती दुहेरी साच्यातून काढलेल्या आहेत. पुढचा अर्धा साचा, मागचा अर्धा साचा, दोन्हींत मातीचा पातळ थर दाबायचा, मग ते जोडायचे. आत पोकळी राहते. पोकळीमुळे माती वाचते हे खरेच, पण मुख्य म्हणजे भट्टीत मूर्ती सर्व बाजूंनी सारखी भाजते आणि तडकत नाही. भरीव मूर्तीचे बाहेरचे अंग वाळते, आतला ओलावा वाफ होऊन वाट शोधतो आणि मूर्ती फुटते. ज्या हाताने ते हसू कोरले, त्याच हाताला वाफेचा हा स्वभाव ठाऊक होता.

तेरची वीट तर याहून नवलाची. इथल्या त्रिविक्रम मंदिराचे गजपृष्ठाकृती गर्भगृह विटांचे आहे, बौद्ध चैत्याच्या घडणीचे. हेन्री कझिन्स या पुरातत्त्वज्ञाने विसाव्या शतकाच्या आरंभी त्याचा अभ्यास केला. तेरच्या जुन्या विटा पाण्यावर तरंगतात. कारण त्या सच्छिद्र आहेत. मातीत तूस मिसळून वीट पाडली की भट्टीत तूस जळून जाते, त्याच्या जागी बारीक पोकळ्या राहतात आणि आकारमानाच्या मानाने वीट पाण्याहून हलकी होते. घुमटासारख्या, कमानीसारख्या छतासाठी असली हलकी वीट वरदानच. माध्यमिक शाळेच्या विज्ञानात आर्किमिडीजचे तत्त्व येते, घनता येते, सूत्रे पाठ होतात. धाराशिवच्या मुलाला ते सायराक्यूजच्या राजाच्या मुकुटावरून शिकवले जाते. त्याच्या घरापासून एसटीने तासाभरावर तेर आहे. तूस मिसळून चार विटा भाजून पाहणे, कमी-जास्त तुसाने त्या किती हलक्या होतात आणि किती ठिसूळ होतात हे मोजणे, मग त्या विटांवर तेरच्या मूर्तींसारखी नक्षी उठवणे, हे काम आठवीच्या कुठल्याही वर्गाला झेपेल. त्यात खर्च मातीचा आणि जळणाचा.

तेरचेच गोरोबा काका. संत गोरा कुंभारांच्या आख्यायिकेत मुक्ताबाई त्यांना विचारतात, की जमलेल्या मडक्यांत कच्चे कोणते आणि पक्के कोणते. काका थापटणे घेऊन एकेका संताच्या डोक्यावर थापटत जातात आणि नामदेवांवर कच्चेपणाचा शिक्का बसतो. ही कथा गुरुविना ज्ञान नाही हे सांगण्यासाठी सांगितली जाते आणि तशीच ती सांगावी. पण तिच्या पोटात कुंभाराची खरी परीक्षा आहे. नीट भाजलेले मडके टिचकी मारताच खणखणते, कच्चे किंवा तडा गेलेले बद्द वाजते. ध्वनीवरून पदार्थाची आतली अवस्था ओळखणे ही अभियांत्रिकीतली मान्य रीत आहे आणि बाजारात माठ घेणारी प्रत्येक बाई ती वापरते. तुळजापूरच्या गोंधळ्यांच्या संबळाकडेही असेच पाहता येईल. चामडे किती ताणले की कोणता सूर निघतो, हे गोंधळ्याचे बोट जाणते. सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये ‘नेचर’मध्ये भारतीय तालवाद्यांवर टिपण लिहिले, ते अशाच कारागिरांच्या ज्ञानाला भौतिकशास्त्राने दिलेली दाद होती.

परांड्याच्या किल्ल्यापाशी फार रेंगाळायला नको, पण त्याला वगळताही येत नाही. विजापूरला असलेली मलिक-ए-मैदान ही तोफ १६३२ पर्यंत परांड्यात होती. निजामशाहीसाठी ती १५४९ मध्ये महंमद बिन हसन रूमी याने ओतली. वजन सुमारे ५५ टन. तोफेच्या तोंडाला सिंहाच्या जबड्याचा आकार आहे आणि त्या जबड्यात हत्ती चिरडला जातो आहे. एवढा कांस्यरस एकसंध ओतायचा, तो बुडबुडा न धरता थंड होऊ द्यायचा आणि त्याच साच्यात सिंहाचे दात शाबूत राखायचे, हे काम ज्याला जमले तो धातुशास्त्रज्ञही होता आणि शिल्पकारही होता. हत्यार माणसे मारण्यासाठी होते, हे विसरून त्याचे कौतुक करू नये. विद्या कशासाठी वापरली गेली हा प्रश्नही वर्गात यावा.

इथे एक कटू गोष्ट सांगायलाच हवी. तेरचा कुंभार, नळदुर्गचा पाथरवट, तुळजापूरचा गोंधळी यांच्याकडे कला आणि विज्ञान एका हातात नांदले खरे, पण तो हात जातीने ठरलेला होता. कुंभाराच्या पोराला चाक मिळे आणि अक्षर मिळत नसे. ज्याला अक्षर मिळे त्याला मातीत हात घालणे कमीपणाचे वाटे. मुलींना घरच्या ओवीपलीकडे आणि चुलीपलीकडे शिकण्याची वाट नव्हती. कारखान्यातले ज्ञान एकसंध होते, पण दार बंद होते. आधुनिक शाळेने ते दार उघडले, ही फार मोठी गोष्ट आहे. मात्र दार उघडताना तिने ज्ञानाचे तुकडे केले, आणि आज हवी आहे ती सांगड म्हणजे जुन्याकडे परत जाणे असे कोणी समजू नये. दार उघडे ठेवूनच ती घालायची आहे.

तुकडे न झालेल्या माणसाचा एक नमुना नळदुर्गने एकोणिसाव्या शतकात पाहिला. फिलिप मेडोज टेलर हा १८०८ मध्ये लिव्हरपूलला जन्मलेला, शाळा लवकर सुटलेला, पंधराव्या वर्षी मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडे पाठवलेला मुलगा. पुढे तो निजामाच्या सैन्यात शिरला. १८५३ च्या तहाने निजामाने काही मुलूख इंग्रजांकडे सोपवला, त्यात नळदुर्ग-धाराशिवचा भाग होता, आणि तो सांभाळायला टेलर आला. १८५७ पर्यंत तो नळदुर्गला होता. न्यायनिवाडा, महसूल, रस्ते, मोजणी असे सगळे एका माणसाच्या अंगावर. औपचारिक शिक्षण जवळजवळ नसताना तो मोजणीशास्त्र शिकला, स्थापत्य शिकला, चित्रे काढत राहिला, कादंबऱ्या लिहीत राहिला. ठगांवरची त्याची कादंबरी १८३९ मध्ये गाजली होती. १८६३ च्या ‘तारा’ या कादंबरीत तुळजापूर आणि भवानीचे देऊळ येते. विजापूरच्या वास्तुकलेवरच्या १८६६ च्या ग्रंथात जेम्स फर्ग्युसनबरोबर त्याचे लेखन आहे. दख्खनमधल्या प्राचीन शिळावर्तुळांचे त्याने उत्खनन केले आणि मातीचे थर दाखवणारे जे छेदचित्र काढले, त्याची वाखाणणी पुढे मॉर्टिमर व्हीलरसारख्या पुरातत्त्वज्ञाने केली. ते चित्र हातात चित्रकाराची सफाई नसती तर काढता आले नसते आणि डोळ्यांत शास्त्रज्ञाची शिस्त नसती तर त्याला मोल आले नसते. पाणी महालाचे वर्णन त्याच्या आत्मचरित्रात आहे. ते वाचताना जाणवते की हा माणूस पाण्याच्या पडद्याने भारावला होता आणि त्याच वेळी भिंतीची रचना न्याहाळत होता.

टेलर राज्यकर्त्यांपैकी होता. त्याला कोणत्याही दारातून आत जाता येई. गावच्या पोराला तशी मुभा नव्हती. १८६० मध्ये हा मुलूख पुन्हा निजामाकडे गेला. जिल्ह्याचे ठाणे पुढे नळदुर्गहून धाराशिवला आले, धाराशिवचे नाव उस्मानाबाद झाले आणि शिक्षणाची घडी हैदराबादच्या धोरणाने बसली.

ती घडी समजून घेतल्याशिवाय मराठवाड्यातल्या कला-विज्ञानाच्या फारकतीचे मूळ कळणार नाही. १९१८ मध्ये हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले. इंग्रजीऐवजी देशी भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा हा मोठा धाडसी प्रयोग होता. त्यासाठी भाषांतराचे स्वतंत्र खाते उघडून विज्ञान, वैद्यक, अभियांत्रिकीची पुस्तके उर्दूत आणली गेली. प्रयोग म्हणून त्याचे मोल मोठे आहे. पण ती देशी भाषा उर्दू होती आणि उस्मानाबादच्या खेड्यातल्या मुलाची भाषा मराठी. पुढे शिकायचे तर विज्ञान आणि गणित उर्दूतून. घरी मात्र ओव्या, अभंग, भारुड, गोंधळ मराठीतून. एकाच मुलाच्या डोक्यात कला एका भाषेत आणि विज्ञान दुसऱ्या भाषेत, असे दोन कप्पे पडले. कुंभाराला मातीबद्दल जे ठाऊक होते त्याचे शब्द पाठ्यपुस्तकात नव्हते आणि पाठ्यपुस्तकातले शब्द कुंभारवाड्यात पोचत नव्हते. इतर प्रांतांत इंग्रजीने हेच केले. मराठवाड्यात ते उर्दूमुळे झाले आणि नंतर इंग्रजीमुळे पुन्हा एकदा.

याला उत्तर म्हणून मराठी माणसांनी खासगी शाळा काढल्या. गुलबर्ग्याचे नूतन विद्यालय १९०७ चे, औरंगाबादचे सरस्वती भुवन १९१५ चे, अंबाजोगाईचे योगेश्वरी १९१७ चे. आणि उस्मानाबाद जिल्ह्यात, आजच्या लोहारा तालुक्यातल्या हिप्परगा या खेड्यात, १९२१ मध्ये राष्ट्रीय शाळा निघाली.

ते वर्ष असहकाराचे होते. पुण्यात टिळक महाराष्ट्र विद्यापीठ त्याच वर्षी सुरू झाले. राष्ट्रीय शिक्षणाच्या चळवळीत मातृभाषा, शरीरश्रम, हस्तोद्योग आणि विद्या यांना एका मांडवाखाली आणण्याचा आग्रह होता. तळेगावचे समर्थ विद्यालय त्याआधीच याच वाटेने गेले होते. विष्णू गोविंद विजापूरकरांनी तिथे उद्योगशिक्षणाला मानाचे स्थान दिले आणि सरकारने १९१० मध्ये ती शाळा बंद पाडली. हा आग्रह शहरात मांडणे वेगळे आणि निजामी मुलखातल्या आडवळणाच्या खेड्यात चालवणे वेगळे. हिप्परग्याला रेल्वे नव्हती, पक्का रस्ता नव्हता, सरकारची कृपादृष्टी तर नव्हतीच. तरी मुले येत आणि शिक्षक तुटपुंज्या निर्वाहावर राहत.

१९२९ मध्ये तिथे व्यंकटेश भगवानराव खेडगीकर नावाचा तरुण शिक्षक आला. जन्म १९०३ चा, सिंदगीचा. ना. म. जोशी यांच्याबरोबर कामगार चळवळीत काम केलेला, टिळक महाराष्ट्र विद्यापीठाची पदवी घेतलेला. तो मुख्याध्यापक झाला. १४ जानेवारी १९३२ रोजी त्याने संन्यास घेतला आणि स्वामी रामानंद तीर्थ हे नाव धारण केले. पुढे १९३५ मध्ये ते अंबाजोगाईला गेले आणि त्यानंतर हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते म्हणून देशाला ठाऊक झाले. त्यांच्या चरित्रात हिप्परगा बहुधा एक थांबा म्हणून येतो. शिक्षणाच्या इतिहासात त्याचे स्थान त्याहून मोठे आहे. या जिल्ह्यात जातीचा दरवाजा उघडा ठेवून हात, डोके आणि भाषा एकत्र आणण्याचा इतका निर्धाराचा प्रयत्न त्याआधी झाला नव्हता. गांधीजींची बुनियादी शिक्षणाची परिषद वर्ध्याला १९३७ च्या ऑक्टोबरात भरली. तिच्या योजनेचा आराखडा करणाऱ्या समितीचे अध्यक्ष झाकीर हुसेन यांचा जन्म हैदराबादचा. तोवर हिप्परग्याच्या शाळेला सोळा वर्षे झाली होती.

१७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद मुक्त झाले, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. शाळा वाढल्या, मराठी माध्यम आले, मुली शाळेत आल्या. मुंबई राज्याची एक जुनी परंपराही सोबत आली, ती म्हणजे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या श्रेणी परीक्षा. गावोगावच्या हजारो मुलांना ड्रॉइंग मास्तरांनी या परीक्षांना बसवले आहे. त्यांतल्या विषयांकडे लक्ष द्यावे. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि चौथा विषय कर्तव्यभूमिती व अक्षरलेखन. चित्रकलेच्या परीक्षेत भूमिती! कंपास, कोनमापक, बहुभुज, स्पर्शिका हे सगळे चित्रकलेच्या कागदावर, नक्षी आणि अक्षरे यांच्या शेजारी. परीक्षेची आखणी करणाऱ्यांना ठाऊक होते की रेषेचा डोळा आणि मापाचा डोळा वेगळे नसतात. पण शाळेत गणिताच्या मास्तरांनी ते कागद क्वचितच पाहिले आणि ड्रॉइंग मास्तरांना कोणी गणिताच्या तासाला बोलावले नाही. इंटरमिजिएटचे वाढीव गुण दहावीच्या टक्केवारीत मिळू लागले, तेव्हा पालकांना या परीक्षेचे महत्त्व पटले. गुणांसाठी का होईना, मुले कर्तव्यभूमिती शिकली. ही एक रीत तरी टिकून आहे याचा आनंद मानायला हवा आणि तिच्यावर पुढचे बांधायला हवे.

कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात कार्यानुभवाची शिफारस केली. महाराष्ट्राच्या वेळापत्रकात तो विषय आलाही. १९७५ मध्ये नव्या आकृतिबंधाची पहिली दहावी बाहेर पडली आणि त्यानंतर प्रत्येक घरात जूनमध्ये एकच प्रश्न: सायन्स की आर्ट्स? ज्याला गुण जास्त त्याने सायन्सला जायचे. आर्ट्सला ‘जावे लागले’ असे बोलले जाऊ लागले. मराठवाड्यात शेजारच्या लातूरच्या निकालांचा दबदबा वाढला तसा हा कल आणखी घट्ट झाला. जिल्ह्यातली हुशार मुले डॉक्टर-इंजिनियर होण्यासाठी धडपडली, त्यात काही गैर नव्हते. दुष्काळी मुलखात नोकरी हीच सुटका होती. पण दहावीनंतर हातात पेन्सिल धरायची नाही आणि गाणे ऐकायचे नाही, ही अट त्या सुटकेवर कोणी घातली, हे विचारायला हवे.

फारकतीची सर्वात जबर किंमत याच जिल्ह्याने एका पहाटे मोजली. ३० सप्टेंबर १९९३, तीन वाजून छप्पन्न मिनिटे. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झाले होते. किल्लारीच्या भूकंपाने लातूरबरोबर उस्मानाबाद जिल्ह्याच्या उमरगा-लोहारा पट्ट्यातली गावे उद्ध्वस्त केली. सास्तूरसारख्या गावात घरेच्या घरे माणसांवर आली. हादरा ६.२ रिश्टरच्या आसपासचा होता. जगात त्याहून मोठे भूकंप कमी हानी करून जातात. इथे माणसे मेली ती घरांखाली. माळवदाचे घर म्हणजे मराठवाड्याच्या उन्हाला दिलेले उत्तम उत्तर होते. जाड दगडी भिंती, लाकडी तुळया, वर मातीचा जाड थर, आत भर उन्हाळ्यात गारवा. त्याच्यात देवळीची नक्षी होती, कोरलेले खांब होते. पण दोन्ही बाजूंचे दगड नुसत्या चिखलात रचलेले, आरपार जाणारे बांधदगड नाहीत, कोपरे एकमेकांत गुंतवलेले नाहीत. हादऱ्याने भिंतीचे दोन पदर सुटे झाले आणि छतावरची टनावारी माती खाली आली.

भूकंपानंतर अभियंत्यांनी गवंड्यांना सांगितले ते फार साधे होते. ठरावीक अंतरावर आरपार दगड घाला, दारा-खिडक्यांच्या वरून काँक्रीटचा पट्टा फिरवा, छताचे ओझे कमी करा. पिढ्यान्‌पिढ्या घरे बांधणाऱ्या गवंड्याला हे समजायला दोन दिवस पुरत. पण तोवर त्याच्यापाशी कोणी आले नव्हते. भूकंपशास्त्र विद्यापीठात होते आणि घर त्याच्या हातात होते. पुनर्वसनात मग उलट चूकही झाली. काही नव्या वसाहती मजबूत बांधल्या गेल्या, पण रांगेतल्या चौकोनी घरांत ओसरी नव्हती, जनावरांना जागा नव्हती, गल्लीचा शेजार नव्हता. लोकांनी पुढे आपल्या हातांनी पत्रे, पडव्या, कट्टे जोडले. आधी कारागिरी होती, विज्ञान नव्हते. मग विज्ञान आले आणि राहण्याची कला विसरली गेली. हिप्परगा ज्या लोहारा तालुक्यात आहे त्याच तालुक्याने हे दोन्ही भोगले.

आता २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने कला आणि विज्ञान, अभ्यास आणि उपक्रम, पुस्तकी आणि व्यावसायिक अशा कडक भिंती नकोत असे स्पष्ट म्हटले आहे. सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार, कलावंत यांच्याकडे शिकावे, अशी त्यात कल्पना आहे. कुंभाराचे नाव धोरणात आहे आणि गोरोबांचे तेर या जिल्ह्यात आहे, म्हणून धाराशिवच्या शाळांना याची सुरुवात कुठून करायची हे शोधत बसण्याची गरज नाही. तेरला माती, नळदुर्गला पाणी, लोहाऱ्याला घर. मोजायला टेप आणि ओळंबा, काढायला पेन्सिल, विचारायला कुंभार आणि गवंडी. मुलाने पाणी महालाचे छेदचित्र मापाने काढले तर त्याला भूमिती येते, दाब कळतो, रेषा सुधारते आणि चार जणांत मिळून काम करण्याची सवय लागते. नोकरी देणारे आज ज्या गुणांची यादी करतात त्यातले बहुतेक इथे येतात. शिकवणाऱ्या कुंभाराला त्या दिवसांचे मानधन शाळेने द्यावे आणि हजेरीपटावर त्याचे नाव शिक्षक म्हणून लागावे. बंद दाराचा जुना हिशेब थोडा तरी चुकता होईल.

आड येते ती एक व्यावहारिक गोष्ट, आणि तिच्यावर बोट ठेवणे गरजेचे आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीसाठी कला, शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांचे निदेशक अंशकालीन ठेवले आहेत, तेही शंभराहून अधिक पट असलेल्या शाळेत. लहान गावच्या शाळेत शंभराचा आकडा गाठणे कठीण. म्हणजे ज्या शाळांच्या अंगणात तेर आणि नळदुर्ग आहे, त्यांना चित्रकलेचा शिक्षक मिळण्याची कायद्याने हमी नाही. यावर उपाय अवघड नाही. केंद्रशाळेला एक पूर्णवेळ कलाशिक्षक द्यावा, त्याने केंद्रातल्या सगळ्या शाळा फिराव्यात आणि त्याचे आठवड्याचे वेळापत्रक विज्ञानाच्या शिक्षकाबरोबर बसून ठरवावे. मृग बरसून बोरी भरायला लागते तेव्हा दाबाचा धडा घ्यायचा आणि त्याच आठवड्यात नळदुर्गची सहल काढायची, असे दोघांनी जूनमध्येच लिहून ठेवले तर जिल्हा परिषदेच्या शाळेतही हे याच वर्षी होऊ शकते.